स्लीव्हनंतर पोट भरलं हे तुम्ही कशावरून ओळखता?

तलावपाळी

नमस्कार. इथला आरोग्य विभाग बरेच दिवस वाचते आहे, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. वय ४४, राहायला नौपाड्यात. नऊ आठवड्यांपूर्वी माझी स्लीव्ह सर्जरी झाली, म्हणजे वजन उतरावं म्हणून जठर कापून लहान करतात ती. आधीचं वजन ११२ किलो, कालचं ९६. डायबिटीसची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, जिना चढताना गुडघे दुखत नाहीत. तेव्हा सर्जरीबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. पहिले दोन आठवडे पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, पातळ ताक. मग मिक्सरमधून काढलेलं वरण, मग मऊ खिचडी. तोवर सगळं मोजून होतं. डाएटिशियन बाईंच्या कागदावर अर्धी वाटी लिहिलेलं असायचं, की अर्धी वाटी. आता नेहमीचं जेवण सुरू झालंय आणि कागदावर एवढंच आहे की पोट भरल्यासारखं वाटलं की थांबा. मला तर ते वाटतच नाही!

गेल्या रविवारी वाशीला मोठ्या बहिणीकडे गेले होते. तिने सकाळीच जाऊन सुरमई आणली होती. तांदळाची भाकरी, तळलेली तुकडी, सोलकढी. मी चतकोर भाकरी आणि एक तुकडी घेतली. गप्पा मारत जेवत होते, पोट रिकामंच वाटत होतं. शेवटचे दोन घास उरले, पानात कशाला टाकायचं म्हणून संपवले. दोन मिनिटांत छातीच्या मधल्या हाडामागे इतकं गच्च झालं की श्वास पुरेना. तोंडाला सारखं पाणी सुटायला लागलं. बाथरूममध्ये जाऊन बसले. अन्न पडत नव्हतं, नुसता पांढरा चिकट फेस. पाऊण तास. बाहेर आले तर ताई ओट्याशी उभी राहून रडत होती. "माझ्या हातचं तुला सोसलं नाही गं," म्हणाली. ते अजून डोक्यातून जात नाही.

सर्जरीआधी मला पोट भरल्याच्या दोनच खुणा ठाऊक होत्या. एक ढेकर, दुसरी तडस लागून नाडी सैल करावी लागणं. आता दोन्ही येत नाहीत. ज्यांच्या सर्जरीला काळ लोटलाय त्यांना विचारते, उशीर व्हायच्या आधी तुम्हाला कसं कळतं?

---

पामबीच

ताई, आधी हे सांगतो की तुमचं काही चुकलेलं नाही. माझी बायपास २०१९ मध्ये झाली, हृदयाची नव्हे, वजनाचीच; जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात ती. नेरूळला राहतो. पहिल्या तीन महिन्यांत असे पाच-सहा प्रसंग माझ्यावर आले. एकदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर.

माझी खूण उचकी. एकच येते, बारीक. ती आली की चमचा खाली. तिच्यानंतर घेतलेला एकही घास मला कधी मानवलेला नाही.

तुम्ही खूण पोटात शोधताय, म्हणून ती सापडत नाही. पूर्वीचं जठर लिटरभर अन्न सहज मावेल असं ताणायचं, खाली पसरायचं, म्हणून पोटाला तडस लागायची. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊणएक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. सुरुवातीला तिच्यात १०० ते १५० मिली मावतं. सगळ्यात जास्त फुगणारा वरचा घुमट तर निघूनच गेलेला असतो. आम्हा बायपासवाल्यांची पिशवी त्याहूनही लहान, ३० मिलीच्या आसपास. म्हणजे दोन मोठे चमचे! ती भरली की जाणीव होते ती बरगड्या जिथे जुळतात त्या खड्ड्यात, किंवा त्याच्याही वर. भाषेत आपण पोट भरलं म्हणतो, पण आता भरते ती छाती. तिथे लक्ष ठेवा.

---

कोपरीकर

माझं नाक वाहतं. खरंच. रुमाल शोधायला लागलो की बायको म्हणते, "झालं तुमचं." तिला माझ्याआधी कळतं.

---

तलावपाळी

कोपरीकर, अंगावर काटा आला वाचून. त्या दिवशी माझंही नाक वाहत होतं! मला वाटलं तिखटामुळे. म्हणजे शरीर सांगत होतं आणि मी पदराने नाक पुसून पुढचा घास घेत होते.

---

खारफुटी

मी निवृत्त सिस्टर आहे. नवी मुंबईत वॉर्डात आयुष्य गेलं, शेवटची काही वर्षं याच सर्जरीचे पेशंट सांभाळले. जरा सविस्तर लिहिते, कारण डिस्चार्जच्या वेळी हे सांगतात पण तेव्हा कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

पोट भरल्याचा निरोप मेंदूला दोन वाटांनी जातो. जठराच्या भिंतीत ताण ओळखणारे तंतू असतात. भिंत ताणली की वेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूच्या बुंध्याला निरोप पोचतो, ही जलद वाट. दुसरी वाट आतड्याची. अन्न लहान आतड्यात उतरलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं रक्तात येतात आणि "आता नको" अशी भावना तयार होते. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. स्लीव्ह असो वा बायपास, जेवणानंतर ही संप्रेरकं पूर्वीपेक्षा जास्त वाढतात, म्हणून थोडक्यात समाधान होतं. पण त्यांना पोचायला वेळ तर द्यायला हवा ना! तुमची नळी सहाव्या मिनिटाला भरली आणि तुम्ही दहाव्या मिनिटापर्यंत जेवत राहिलात, तर मधल्या चार मिनिटांचं अन्न अन्ननलिकेत वाट बघत उभं राहतं. ते सरकावं म्हणून शरीर लाळ आणि चिकट स्राव सोडतं. तोच तुमचा फेस.

वॉर्डात मी पेशंटना सांगायचे की खुणा दोन तऱ्हांच्या असतात. लवकरच्या आणि उशिराच्या. लवकरच्या फार हळू बोलतात. उचकी, नाक वाहणं, एखादी शिंक, आपोआप आलेला खोल सुस्कारा, लहानसा ढेकर, पुढच्या घासाची चव अचानक फिकी लागणं. कोणाला कोणती येईल ते सांगता येत नाही, पण एका माणसाची सहसा एखादी ठरलेली असते. उशिराच्या तुम्ही भोगल्याच आहेत. छातीत गच्च, तोंडाला पाणी, मळमळ, डाव्या खांद्यात दुखणं. तिथवर पोचलात म्हणजे लवकरची येऊन गेली, तुम्हाला ऐकू आली नाही.

ऐकू यावी यासाठी घास लहान हवा, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. तो चावून अगदी पातळ होईपर्यंत गिळायचा नाही. गिळल्यावर चमचा ताटात ठेवून हात मांडीवर. मिनिटभराने पुढचा. आणि पहिले काही महिने जेवताना गप्पा नकोत, टीव्ही नको, मोबाइल नको. बहिणीच्या घरी तुम्ही नेमक्या गप्पांत होतात.

आता एक गोष्ट सगळ्यांनीच ध्यानात ठेवा. कधीतरी घास अडकणं वेगळं. पण रोज प्रत्येक जेवणानंतर उलटी होत असेल, किंवा पाणीसुद्धा टिकत नसेल, तर "माझं खाणंच चुकतंय" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी सर्जनला गाठा. नळी एखाद्या ठिकाणी आकसलेली असू शकते. सतत उलट्यांनी शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं. चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, बोलण्यात गोंधळ, असं काही झालं तर ती तातडीची गोष्ट आहे, आणि बी-१ देण्याआधी नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी "माझी वजनाची सर्जरी झालेली आहे" हे पहिलं वाक्य असू द्या. सर्जरीनंतर सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, नाडी जलद आणि पोटात किंवा खांद्यात दुखणं आलं तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल.

---

ढोकाळी_नाका

माझ्या मामांना घास अडकला की घोट घोट ताक पितात, लगेच खाली उतरतं म्हणतात. करून बघा.

---

खारफुटी

ढोकाळी नाका, तुम्ही मदतीच्या भावनेने लिहिलंय, पण हे करू नका. घास अडकलेला असताना वरून ताक ओतलं तर त्याला जायला जागा नसते, ते उलटून येतं. आणि अडकलेलं नसताना जेवणासोबत पातळ पदार्थ घेतला तर तो अन्नाला लवकर पुढे ढकलतो. मग नळी भरलेली राहत नाही, खूण येत नाही आणि माणूस दुप्पट जेवतो. जेवणानंतर अर्धा तास काही प्यायचं नाही, आणि जेवायला बसताबसताही नको. दिवसभरात मात्र दीड-दोन लिटर पाणी घोटाघोटाने गेलंच पाहिजे. तलावपाळीताई, ती सोलकढीही जेवणातून बाजूला काढा, संध्याकाळी स्वतंत्र घ्या.

---

दिवाळेकर

आमच्या कोळीवाड्यातल्या एका नातलगाचा अनुभव. तळलेली सुरमई कोरडी होते, दोन-तीन घासांत छाती भरते. ओल्या बोंबलाचं कालवण मात्र मऊ, सरसर उतरतं. खूण बरीच उशिरा येते. म्हणजे पदार्थ बदलला की खुणेची वेळ बदलते. कोंबडीचं छातीचं मांस तर त्याने सहा महिने सोडलंच होतं, उकडलेल्या मांडीच्या मांसावर भागवलं. ताईंनी पुन्हा मासा सुरू करताना कालवणातला घ्यावा, रस्सा निथळून.

---

घोडबंदर

मी चार वर्षं जुना स्लीव्हवाला. तुम्ही सगळे खूण जोरात आली म्हणून लिहिताय. मला उलट बाजूचं लिहायचंय, कारण मी त्यात बुडालो होतो.

सर्जरीनंतर माझं ४१ किलो वजन उतरलं होतं. तिसऱ्या वर्षी ११ किलो परत आलं. मी शपथेवर सांगत होतो की मी जास्त खात नाही. ताटावर बसलो की मुठीएवढं जेवण, खूण यायची, उठायचो. पण संध्याकाळी ठाणे स्टेशनला उतरलो की पाव किलो फरसाण घ्यायचो, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून खायचो आणि घरी पोचेपर्यंत पुडी रिकामी. छातीत काही नाही, उचकी नाही, काही नाही. चहात बुडवलेली खारी, मारी बिस्किटं, आइस्क्रीम, वेफर्स, यांचं असंच. तोंडात विरघळून जातात आणि नळीत न थांबता पुढे जातात. भिंत ताणलीच जात नाही, मग निरोप कोण देणार?

हे मला डाएटिशियनने समजावलं तेव्हा मी तिच्यासमोर बसून रडलो. तोवर मला वाटत होतं की माझी सर्जरी फसली. सर्जरी ठीक होती. जे नळीत थांबतच नाही असं अन्न मी जेवणाव्यतिरिक्त खात होतो.

आता आधी अंडं, पनीर, मासा, उसळ यांपैकी काहीतरी. मग भाजी. भाकरी-भात शेवटी, जागा उरली तर. मला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. एका अंड्यात सहाच ग्रॅम येतात, तेव्हा फरसाणाला जागा कुठून आणायची हा हिशेबच मला रोज आवरतो. ११ पैकी ७ किलो उतरले आहेत.

नवीन मंडळींना हात जोडून सांगतो, खूण येत नाही म्हणजे पोट मोठं झालं असं समजून हताश होऊ नका. आधी काय खाताय ते बघा.

---

मध्यममार्गी

मुळात मनावर ताबा ठेवला असता तर पोट कापायची वेळच का आली असती? आपले आजी-आजोबा चार घास कमी खा म्हणायचे, तेवढं पुरे होतं.

---

येऊर

मध्यममार्गी, हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकलं आहे, म्हणून शांतपणे उत्तर देते.

भुकेचं एक संप्रेरक आहे, घ्रेलिन. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. जठराच्या त्याच वरच्या घुमटात ते सर्वात जास्त तयार होतं. माणूस डाएट करून वजन उतरवतो तेव्हा शरीर हे घ्रेलिन वाढवतं, म्हणजे जितकं उतरवाल तितकी भूक मागे लागते. मी तीन वेळा २० किलोच्या वर वजन उतरवलं आणि तिन्ही वेळा ते परत आलं. त्या काळात रात्री दोनला उठून मी स्वयंपाकघरात उभी असायचे. त्याला ताबा नाही म्हणणं सोपं आहे. स्लीव्हमध्ये तो घुमट गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की इतर लोकांना दुपारी चार वाजता काहीच वाटत नाही. मी ४७ वर्षांची होते.

तलावपाळी, तुझ्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी की सुरुवातीचे महिने भूक जवळजवळ नसते, पण पुढे ती परत येते. तेव्हा खरी भूक आणि वखवख यांत गल्लत होते. मी स्वतःला विचारते, आत्ता वाटीभर मुगाची उसळ समोर आली तर खाईन का? खाईन म्हटलं तर भूक. नको, काहीतरी चटकदार हवं, असं वाटलं तर ती वखवख. मग उपवनला एक फेरी मारून येते. दर वेळी जमतं असं नाही.

---

सीवूड्सची_सून

माझ्या सासूबाईंची सर्जरी दीड वर्षापूर्वी झाली, त्यांचं वय ६१. मला घरच्यांच्या बाजूचं लिहायचंय, कारण तलावपाळीताईंच्या बहिणीचं रडणं वाचून राहवलं नाही.

आमच्या घरात आग्रह ही मायेची भाषा आहे. सासूबाईंनी आयुष्यभर लोकांना आग्रह करून वाढलं, आणि आता त्यांनाच कोणी "अजून थोडं" म्हटलं की त्यांना नाही म्हणता येत नसे. गणपतीत चुलतसासूबाईंनी बळेच अर्धा मोदक दिला. खोबरं-गुळाचं सारण पोटात गेल्यावर वीस मिनिटांत घाम, छाती धडधड, जुलाब. त्यांची बायपास आहे, गोड पटकन आतड्यात उतरलं की असं होतं. त्या रात्री त्या मला म्हणाल्या, "मी आता कोणाच्या घरी जेवायला जाणार नाही." आणि खरंच चार महिने कुठे गेल्या नाहीत. डोहाळजेवण नाही, बारसं नाही.

मग आम्ही घरात काही बदललं. त्यांचं ताट बंद केलं. एक जुनी स्टीलची वाटी आणि चहाचा चमचा. वाटीत जे असेल ते संपवायची सक्ती नाही, उरलं तर मी खाते किंवा दुपारी परत त्यांनाच. पानात टाकलं हा सल त्यामुळे गेला. बाहेर जायचं असेल तर मी यजमानीणबाईंना आदल्या दिवशी फोन करते आणि सांगते की आई येणार आहेत, त्यांना वाढू नका, शेजारी बसा. हे वाक्य सुचायला आम्हाला वर्ष लागलं. लोक बहुतेक वेळा ऐकतात. त्यांनाही काय करावं ते कळत नसतं, म्हणून ते वाढत राहतात.

ताई, तुमच्या बहिणीला हे वाचायला द्या.

---

पामबीच

सून, वाटी-चमच्याचा परिच्छेद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

---

तलावपाळी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे प्रतिसाद दोनतीनदा वाचले. खारफुटीताईंनी सांगितलं तसं जेवताना एकटी बसायला लागले, आणि शंभर पानी वही घेऊन प्रत्येक जेवणाची नोंद केली. काय खाल्लं, किती घास, काय वाटलं, किती मिनिटांनी.

पहिले पाच दिवस "काही वाटलं नाही" एवढंच लिहिलंय. दोनदा नाक वाहिलं, पण तेव्हा आधीच गच्च व्हायला लागलं होतं. सहाव्या दिवशी मूगडाळीचं धिरडं खात होते आणि सहज एक सुस्कारा आला. खोल, आपोआप. मी थांबले नाही, आणखी दोन घास घेतले आणि छाती भरली. दुसऱ्या दिवशी अंड्याची भुर्जी, पुन्हा सुस्कारा. या वेळी चमचा ठेवला. वीस मिनिटं नुसती बसून राहिले. आणि मग ते वाटलं! आत सगळं निवल्यासारखं, आणखी काही नको असल्यासारखं. ढेकर नाही, जडपणा नाही. नऊ आठवडे मी ज्याची वाट बघत होते ते इतकं हलकं असेल असं वाटलंच नव्हतं. नाक माझी दुसरी खूण, सुस्कारा पहिली.

वहीवरून आणखी काही कळलं. सकाळी नळी फार आवळलेली असते, नाश्त्याला तीन-चार घासांतच सुस्कारा. रात्री तेच नऊ-दहा. पनीर-मासा लवकर थांबवतात, वरण उशिरा. ताजी मऊ पोळी चावून चावून गोळा होते आणि बसते, त्यापेक्षा ज्वारीची भाकरी बरी. घाईत, स्टेशनवर निघायच्या आधी खाल्लं की खूण येतच नाही, थेट गच्च. वही डाएटिशियन बाईंना दाखवली. त्यांनी प्रथिनांचा हिशेब मांडला तर दिवसाला ४५ ग्रॅमच भरत होती, म्हणून दोन जेवणांच्या मध्ये दुधातून प्रथिनांची पावडर वाढवली आहे. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर, हेही त्यांनी पुन्हा बजावलं.

धागा ताईला पाठवला होता. तिने काही कळवलं नाही. काल रविवारी मला बोलावलं. गेले तर टेबलावर माझ्यासाठी वाटी आणि लहान चमचा. बोंबलाचं कालवण, रस्सा निथळलेला. भाऊजींना आणि मुलांना तिने आधीच वाढून दिलं होतं. ती माझ्याशेजारी बसली, एक शब्द बोलली नाही, स्वतःही जेवली नाही. मी आठ घास खाल्ले. सुस्कारा आला तसा तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आला?"

मी मान हलवली. तिने वाटी उचलली, उरलेलं डब्यात भरलं, झाकण लावलं आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला.